औषधांमागून येणारे नैराश्य

औषध हे रोग बरा करण्यासाठी किंवा तो आटोक्यात ठेवण्यासाठी घ्यावयाचे असते. मळमळ, पित्त, अंगावर उठणारे पुरळ, झोपेची गुंगी हे औषधांचे दुष्परिणाम बहुतेकांच्या परिचयाचे असतात आणि ते जाणवले की रुग्ण डॉक्टरांच्या कानावर घालतो. परंतु काही औषधे शरीराचे दुखणे शमवीत असतानाच मनावर खिन्नतेचे सावट आणतात, ही गोष्ट अजूनही फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. पुरळ त्वचेवर दिसते, उदासी दिसत नाही. ती घरच्यांच्या लक्षात आलीच, तर ‘वय झाले’, ‘आजारपणाला कंटाळले’, ‘स्वभावच चिडका झाला’ असा तिचा अर्थ लावला जातो. मग रुग्ण स्वतःलाच दोष देत राहतो आणि कारण मात्र उशाजवळच्या डबीत तसेच पडून असते.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडचे उदाहरण घेऊ. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ, नृसिंहवाडीच्या शेजारी वसलेले हे एके काळचे पटवर्धनांचे संस्थानी गाव. सर्दी-तापासाठी येथील रुग्ण गावातल्याच डॉक्टरांकडे जातो. तज्ज्ञाची गरज पडली, की त्याची वाट इचलकरंजी, सांगली, कोल्हापूर किंवा मिरजेकडे वळते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केल्यापासून मिरज हे या साऱ्या परिसराचे वैद्यकीय केंद्र मानले गेले आहे. अशा गावात एकाच व्यक्तीच्या रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरांची, सांधेदुखीची दुसऱ्यांची, चक्करीची तिसऱ्यांची आणि झोपेची औषध दुकानदाराने सुचवलेली, असे सहज घडू शकते. प्रत्येक कागद आपल्या जागी बरोबर असतो. पण सगळे कागद एकत्र ठेवून पाहणारे कोणी नसते. पुण्या-मुंबईत तज्ज्ञांची संख्या अधिक असल्याने हा धोका कमी होत नाही, उलट वाढतोच. औषधजन्य नैराश्य निसटते ते नेमके याच फटीतून.

मुंबईतून सुरू झालेली कथा

या विषयाचा इतिहास महाराष्ट्रातील वाचकांना जवळचा वाटेल, कारण त्याचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत लिहिला गेला. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकात शतकानुशतके वापरात आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या बंगालमधील वैद्यांनी १९३१ साली उच्च रक्तदाब आणि उन्माद या दोन्हींवर तिचा उपयोग होतो, असे लिहिले होते. मात्र पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील (१९११-१९७४) यांनी. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेचा काय परिणाम झाला, याचा त्यांचा लेख १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाबावर परिणामकारक औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असण्याचा तो काळ होता. या कार्यासाठी डॉ. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

दरम्यान, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेच्या मुळांतून ‘रेसर्पिन’ हे द्रव्य वेगळे केले आणि ते जगभर विकले जाऊ लागले. भारतातही ‘ॲडेल्फेन’ या गोळीच्या रूपाने रेसर्पिन अनेक वर्षे असंख्य घरांत पोहोचले होते. पण १९५४ मध्येच अमेरिकेतील डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी एक निराळी नोंद केली. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रेसर्पिन घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रुग्णांना गंभीर नैराश्याने ग्रासले होते. तशा नोंदी इतर ठिकाणांहूनही येऊ लागल्या. १९५५ मध्ये रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो, असे प्रयोगांतून दिसले. पुढे स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी डोपामिनच्या बाबतीतही तसेच दाखवले. या संशोधनाच्या धाग्यातून त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याच सुमारास उलट दिशेचा अनुभवही आला. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधील क्षयरुग्णांना ‘इप्रोनियाझिड’ हे नवे औषध देण्यात आले, तेव्हा अंथरुणाला खिळलेले काही रुग्ण अनपेक्षितपणे उत्साही झाले. हे औषध मेंदूतील त्याच रसायनांचे विघटन रोखते. एका औषधाने रसायने घटली आणि मन खचले. दुसऱ्याने ती वाढली आणि मन उभारी धरू लागले. नैराश्याचा संबंध मेंदूतील रसायनांशी असावा, हा १९६५ च्या आसपास प्रस्थापित झालेला सिद्धान्त या दोन अनुभवांवर बऱ्याच अंशी उभा होता.

या कथेची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. १९५५ मध्येच लंडनमधील डेव्हिस व शेफर्ड यांच्या चाचणीत चिंता आणि खिन्नता असलेल्या काही रुग्णांना रेसर्पिनने बरे वाटल्याचे आढळले होते. अलीकडच्या दोन दशकांत जुन्या नोंदींची फेरतपासणी झाली, तेव्हा रेसर्पिनमुळे सरसकट नैराश्य येते हा समज पुराव्याच्या तुलनेत फुगलेला होता, असे मत अनेक संशोधकांनी मांडले. मात्रा मोठी असणे आणि पूर्वी नैराश्य येऊन गेलेले असणे, या दोन गोष्टी अनेक रुग्णांत निर्णायक ठरल्या होत्या. तेव्हा ‘अमुक गोळीने नैराश्य येतेच’ हे विधान जसे चूक, तसेच ‘गोळीचा मनाशी काय संबंध?’ हेही चूक. प्रश्न नेहमी या औषधाचा, या मात्रेत, या रुग्णावर काय परिणाम झाला, असाच विचारावा लागतो.

कोणत्या औषधांबाबत सावध असावे?

स्टेरॉइड : प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारखी औषधे दमा, संधिवात, त्वचारोग अशा अनेक विकारांत जीवनदायी ठरतात. सुरुवातीच्या दिवसांत ती घेणाऱ्याला बोलका उत्साह येतो, झोप उडते; उपचार लांबला किंवा औषध एकदम थांबले तर खिन्नता येऊ शकते. येथे मात्रेचे महत्त्व फार स्पष्ट आहे. बॉस्टनमधील एका पाहणीत (१९७२) दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के, तर ८० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्यांपैकी १८.४ टक्के रुग्णांत मानसिक दुष्परिणाम दिसले. सांधेदुखीवरच्या ‘रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे प्रकार आपल्याकडे उघडकीस आले आहेत. अशा पुडीवर ना नाव असते ना मात्रा. त्यामुळे मन का बिघडले, हे शोधणे डॉक्टरांनाही कठीण जाते.

क्षयरोगावरील औषधे : औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात वापरले जाणारे सायक्लोसेरिन हे औषध नैराश्य, भ्रम आणि आत्मघाताचे विचार निर्माण करू शकते. म्हणूनच ते सुरू करण्यापूर्वी मनोविकाराचा पूर्वेतिहास विचारणे आवश्यक मानले जाते आणि सोबत पायरिडॉक्सिन (ब-६ जीवनसत्त्व) दिले जाते. याच उपचारांतील लिनेझोलिडबरोबर काही नैराश्यविरोधी गोळ्या घेतल्यास गंभीर प्रतिक्रिया उद्भवू शकते. त्यामुळे मनोविकारतज्ज्ञ आणि क्षयरोगतज्ज्ञ यांना एकमेकांची औषधे माहीत असणे अपरिहार्य ठरते.

चक्कर व अर्धशिशीवरील औषधे : आपल्याकडे सर्रास दिली जाणारी फ्लुनारिझिन ही गोळी, आणि तिच्याच कुळातील सिनारिझिन, दीर्घकाळ घेतल्यास विशेषतः वयस्कर रुग्णांत उदासी तसेच कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात. ‘चक्करची गोळी’ म्हणून महिनोन्महिने तीच चिठ्ठी दुकानात दाखवत राहणे म्हणूनच धोक्याचे आहे.

फेफऱ्यावरील औषधे : लेव्हेटिरासिटाम, टोपिरामेट, फेनोबार्बिटोन यांनी काही रुग्णांत चिडचिड व नैराश्य येते. मात्र फेफरे या आजारातच नैराश्याचे प्रमाण अधिक असते, हेही विसरता कामा नये.

दमा व ॲलर्जी : माँटेलुकास्ट या बहुप्रचलित औषधाच्या मनावरील परिणामांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये सर्वांत ठळक स्वरूपाची सूचना छापण्याचे बंधन घातले. मुलांमध्ये वाईट स्वप्ने, रडवेपणा, वागण्यातील अचानक बदल दिसल्यास पालकांनी डॉक्टरांना लगेच सांगावे.

इंटरफेरॉन : हेपॅटायटिस ‘सी’वर पूर्वी दिल्या जाणाऱ्या या इंजेक्शनांनी साधारण चारांपैकी एका रुग्णाला नैराश्य येत असे. नव्या गोळ्यांनी या आजारात त्याची जागा घेतली आहे. एखादा दुष्परिणाम नीट नोंदला गेला की पर्यायाचा शोध किती उपकारक ठरतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

संप्रेरके : डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१६ च्या अभ्यासात, संप्रेरकयुक्त गर्भनिरोधके घेणाऱ्यांत नैराश्याचे उपचार सुरू होण्याचे प्रमाण काहीसे अधिक आढळले; किशोरवयीन मुलींत ते जास्त होते. बहुसंख्य स्त्रियांना असा त्रास होत नाही, परंतु ज्यांना होतो त्यांच्या तक्रारीला ‘मनाचे खेळ’ म्हणणे अन्यायाचे आहे.

काही औषधांवरचा आरोप मात्र पुढे सौम्य झाला. हृदयविकार व रक्तदाबावरील बीटा-ब्लॉकर गटाची औषधे नैराश्य आणतात, असे १९६० च्या दशकापासून मानले जात होते. अनेक चाचण्यांचा एकत्रित विचार करणाऱ्या २००२ च्या अभ्यासात थकवा थोडा वाढलेला दिसला, नैराश्याची लक्षणे मात्र लक्षणीय वाढलेली नव्हती. तंबाखू सोडण्यासाठीच्या व्हॅरेनिक्लिनवरची ठळक सूचना २००९ मध्ये आली आणि मोठ्या चाचणीनंतर २०१६ मध्ये काढण्यात आली. उलट, वजन कमी करण्याच्या रिमोनाबँटची विक्री नैराश्याच्या धोक्यामुळे युरोपात २००८ मध्ये थांबवण्यात आली आणि २००९ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली.

हे घडते कसे?

याचे एकच एक कारण नाही. रेसर्पिन व टेट्राबेनाझिन ही औषधे मेंदूतील संदेशवाहक रसायनांचे साठेच रिकामे करतात. फ्लुनारिझिन डोपामिनच्या कार्यात अडथळा आणते. इंटरफेरॉन शरीरात दाहाची स्थिती निर्माण करते आणि तिचा परिणाम मेंदूवर होतो. स्टेरॉइडे ताणाच्या संप्रेरकांचे चक्र विस्कटतात. काही परिणाम आडवळणाने येतात. लिथियम किंवा ॲमिओडॅरोनमुळे थायरॉइड ग्रंथी मंदावू शकते आणि त्यातून उदासी येते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. त्याच्या कमतरतेतूनही थकवा व निरुत्साह जाणवतो. यातील थायरॉइड व ब-१२ ची तपासणी साध्या रक्तचाचणीने होते.

एकापेक्षा अधिक औषधांचा प्रश्न वेगळाच आहे. अमेरिकेतील सुमारे २६ हजार प्रौढांच्या २००५ ते २०१४ या काळातील माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य हा संभाव्य दुष्परिणाम म्हणून नोंदलेली दोनशेहून अधिक औषधे त्यात विचारात घेतली होती. अशी तीन किंवा अधिक औषधे एकाच वेळी घेणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण सुमारे १५ टक्के, तर एकही न घेणाऱ्यांत सुमारे ५ टक्के होते. यावरून औषधांमुळेच नैराश्य आले, असे सिद्ध होत नाही. अधिक आजारी माणूस अधिक औषधे घेतो आणि अधिक खिन्नही असू शकतो. तथापि सगळी औषधे एकत्र पाहण्याची गरज मात्र त्यातून निश्चित अधोरेखित होते.

ओळखावे कसे?

एखादा दिवस वाईट जाणे म्हणजे नैराश्य नव्हे. दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसाचा बराचसा भाग मन खिन्न राहणे किंवा आवडीच्या गोष्टींतला रस जाणे, ही मुख्य लक्षणे. त्यांच्या जोडीला झोप व भूक बदलणे, थकवा, एकाग्रता न होणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे ही लक्षणे असू शकतात. आपल्याकडे अनेक जण ‘उदास वाटते’ असे म्हणत नाहीत. ‘जीव लागत नाही’, ‘अंगात त्राण नाही’, ‘डोके जड आहे’ अशा शब्दांत ते सांगतात. ते ऐकणाऱ्याने कान देऊन ऐकले पाहिजे.

औषधाचा संबंध आहे का, हे ठरविण्यासाठी डॉक्टर प्रामुख्याने चार प्रश्नांची उत्तरे शोधतात. लक्षणे औषध सुरू केल्यानंतर किंवा मात्रा वाढवल्यानंतर आली का? या औषधाबाबत तशा नोंदी पूर्वी आहेत का? औषध कमी केल्यावर किंवा बदलल्यावर लक्षणे उतरली का? आणि मूळ आजार, घरातील दुःख, आर्थिक ओढाताण, मद्यपान अशी दुसरी पुरेशी कारणे आहेत का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर केवळ रुग्ण व त्याचे कुटुंबीयच देऊ शकतात. म्हणून नवी गोळी सुरू झाल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवण्याची साधी सवय फार मोलाची ठरते.

गोळी स्वतःहून बंद करू नये

हा लेख वाचून कोणी आपली औषधे थांबवली, तर त्यातून हितापेक्षा अहितच अधिक होईल. दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड एकदम बंद केल्यास शरीराची स्वतःची संप्रेरके अपुरी पडून जीवावर बेतू शकते. बीटा-ब्लॉकर अचानक थांबवल्यास छातीत कळ येऊ शकते, प्रसंगी हृदयविकाराचा झटकाही. फेफऱ्याची गोळी चुकली तर झटका येतो. क्षयाचा उपचार अर्धवट सोडला तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात. बहुतेक वेळा मात्रा कमी करणे, त्याच कामाचे दुसरे औषध देणे किंवा औषध आवश्यकच असेल तर त्याच्या सोबतीने नैराश्यावर उपचार करणे, असे मार्ग उपलब्ध असतात. ते डॉक्टरांनीच निवडायचे असतात.

औषध खंडित होण्याचा धोका कुरुंदवाडकरांना एरवीही परका नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील अनेक गावांना पाण्याचा वेढा पडला आणि कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. पुराच्या काळात मनावर ताण असतोच. त्यात नेहमीची औषधे अचानक थांबली तर शरीर व मन दोन्हींवर आघात होतो. पावसाळ्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची औषधे आणि त्यांची यादी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत तयार ठेवणे, ही पूरप्रवण गावांतील प्रत्येक घराची तयारी असावी.

मदत कोठे मिळेल?

पहिली पायरी घरातलीच आहे. घेत असलेली सर्व औषधे, त्यांत आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, झोपेच्या, दुखण्याच्या आणि दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्याही आल्या, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावीत. ‘झाडपाल्याचे औषध निरुपद्रवी’ हा समज सर्पगंधेच्या कथेनेच खोटा ठरवला आहे. पूर्वी स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला नैराश्य, उन्माद असा विकार झाला असल्यास तो लपवू नये. नवे औषध लिहून घेताना ‘याचा मनावर काही परिणाम होतो का?’ असे विचारण्यात संकोच मानू नये.

कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे शासकीय पातळीवर तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. प्रवास शक्य नसल्यास केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर वाट पाहू नये; त्या व्यक्तीला एकटे न सोडता, औषधांचा साठा तिच्या हाताशी न ठेवता तत्काळ रुग्णालयात न्यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार टाळण्याचे कारण नाही.

आणखी एक काम राहते, ते म्हणजे नोंद करण्याचे. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. डॉक्टर, परिचारिका, औषध दुकानदार यांच्याप्रमाणे स्वतः रुग्णही १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर आपला अनुभव नोंदवू शकतो. खात्री नसली तरी संशय पुरेसा असतो. सर्पगंधेच्या गोळीमागून आलेली खिन्नता काही डॉक्टरांनी कागदावर उतरवली, म्हणून नैराश्याविषयीचे जगाचे ज्ञान पुढे सरकले. अशी नोंद जेवढ्या लवकर होईल, तेवढ्या लवकर तीच गोळी घेणाऱ्या पुढच्या रुग्णाला त्याच्या खिन्नतेचे कारण कळेल.